न्यूयॉर्कची ५,१०६ मते : १८४४ साली हेन्री क्ले जिंकले असते तर?

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु अमेरिकेच्या इतिहासातील एक ‘जर’ निवडणुकीनंतर वर्षभराच्या आतच इलिनॉयमधील एका तरुण वकिलाने कागदावर उतरवला होता, आणि तो वकील पुढे त्या देशाचा सोळावा अध्यक्ष झाला. १८४४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत न्यूयॉर्क राज्यातील ५,१०६ मतांची आघाडी पुसली गेली असती तर काय झाले असते, हा तो प्रश्न. (धागा)

प्रथम आकडे पाहू. डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोक ह्यांना न्यूयॉर्कमध्ये २,३७,५८८ मते पडली. व्हिग पक्षाचे हेन्री क्ले ह्यांना २,३२,४८२. तिसरे उमेदवार, लिबर्टी पक्षाचे जेम्स बर्नी, ह्यांना १५,८१२. न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मते पोक ह्यांच्या पारड्यात गेली आणि देशभरातील निकाल १७० विरुद्ध १०५ असा लागला. हीच ३६ मते क्ले ह्यांना मिळाली असती तर निकाल १४१ विरुद्ध १३४ असा फिरला असता. बहुमताला १३८ पुरेशी होती.

बर्नी ह्यांच्या दर तीन मतदारांपैकी एकाने जरी क्ले ह्यांना मत दिले असते, तरी एवढा उलटफेर झाला असता. आणि लिबर्टी पक्ष तर गुलामगिरीचा कट्टर विरोधक! गुलामगिरीच्या विरोधकांनीच गुलामगिरीच्या विस्ताराला वाट करून दिली, हा आरोप तेव्हापासून आजतागायत त्यांच्या माथी आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

निवडणुकीचा खरा विषय होता टेक्सास. १८३६ साली हा प्रदेश मेक्सिकोपासून फुटून निघाला. मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी बंद केली होती; टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकी मळेवाल्यांना मात्र ती हवी होती. स्वतंत्र झालेल्या टेक्सासने अमेरिकेत सामील होण्याची इच्छा दाखवली. मेक्सिकोने त्याचे स्वातंत्र्यच मान्य केले नव्हते. म्हणजे विलीनीकरण झाले तर दोन गोष्टी जवळजवळ अटळ होत्या : मेक्सिकोशी युद्ध, आणि गुलामगिरीच्या राज्यांच्या संख्येत भर. म्हणून आठ वर्षे दोन्ही मोठ्या पक्षांनी हा निखारा हातात घेण्याचे टाळले.

तो हातात घेतला जॉन टायलर ह्यांनी. अध्यक्ष हॅरिसन १८४१ मध्ये पदग्रहणानंतर महिनाभरातच वारले आणि उपाध्यक्ष टायलर अध्यक्ष झाले. व्हिग पक्षाशी त्यांचे असे बिनसले की पक्षाने त्यांना बाहेर काढले. ज्याच्यामागे पक्ष नाही अशा अध्यक्षाला एखादा मोठा मुद्दा हवा असतो. टायलर ह्यांना टेक्सास सापडला.

येथे एक अपघात मध्ये येतो. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ ह्या युद्धनौकेवर पाहुण्यांसमोर तोफेचे प्रात्यक्षिक चालू असताना तोफच फुटली. अध्यक्ष टायलर त्या क्षणी खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. परराष्ट्रमंत्री एबेल अपशर मात्र ठार झाले. त्यांच्या जागी आले जॉन कॅल्हून, गुलामगिरीचे सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत निर्ढावलेले समर्थक. १२ एप्रिलला टेक्सासशी करार झाला आणि आठवडाभराच्या आत कॅल्हून ह्यांनी ब्रिटिश राजदूताला पत्र लिहून गुलामगिरीचे उघड मंडन केले. विलीनीकरण कशासाठी, ह्याविषयी कोणाला शंका उरली असेल तर ती ह्या पत्राने फेडली. जूनमध्ये सिनेटने तो करार ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला.

दरम्यान, दोन्ही पक्षांच्या अपेक्षित उमेदवारांची पत्रे २७ एप्रिल १८४४ ह्या एकाच दिवशी छापून आली होती. व्हिगांचे क्ले आणि डेमोक्रॅटांचे माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन. दोघांचेही म्हणणे एकच : टेक्सास तूर्त नको, युद्ध ओढवेल. ही निवडणूक ह्या दोघांत झाली असती तर टेक्सासचा प्रश्नच बाजूला पडला असता. (हाही एक ‘जर’ आहे, आणि कदाचित अधिक मोठा.)

पण दक्षिणेतील डेमोक्रॅट व्हॅन ब्यूरेन ह्यांच्यावर उखडले. मे महिन्यात बाल्टिमोरला पक्षाचे अधिवेशन भरले. उमेदवारीसाठी दोन तृतीयांश मतांची अट होती आणि साधे बहुमत असूनही व्हॅन ब्यूरेन ती गाठू शकले नाहीत. नवव्या फेरीत भलतेच नाव पुढे आले : टेनेसीचे जेम्स पोक. ते प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. परंतु स्वतःच्या राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक लागोपाठ दोनदा हरलेले. मोर्सची तार त्याच महिन्यात बाल्टिमोर ते वॉशिंग्टन सुरू झाली होती, तिच्यावरून अधिवेशनाच्या बातम्या राजधानीत पोहोचत होत्या. उपाध्यक्षपदाची उमेदवारी न्यूयॉर्कच्या सायलस राइट ह्यांना देऊ केली, ती त्यांनी ह्या तारेनेच नाकारली. व्हॅन ब्यूरेन ह्यांच्या निष्ठावंत मित्राने दिलेला हा सर्वांत वेगवान नकार म्हणावा लागेल.

क्ले त्याच बाल्टिमोरमध्ये १ मे रोजी एकमताने उमेदवार ठरले होते. वय ६७. सिनेटर, सभापती, परराष्ट्रमंत्री अशी सर्व पदे भोगलेला, तडजोडींचा महारथी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १८२४ आणि १८३२ साली हरला होता. ह्या वेळी समोर पोक. व्हिग मंडळींनी विजय गृहीत धरला.

आणि मग क्ले ह्यांनी आणखी पत्रे लिहिली. दक्षिणेतील व्हिग मतदार बिथरू नयेत म्हणून जुलै महिन्यात त्यांनी अलाबामाला दोन पत्रे पाठवली. युद्ध न होता, देशाची अप्रतिष्ठा न होता, सर्वांच्या संमतीने टेक्सास येत असेल तर आपल्याला आनंदच होईल, असा त्यांचा आशय होता. दक्षिणेला हे अपुरे वाटले, आणि उत्तरेत हीच पत्रे लिबर्टी पक्षाने हाती धरून दाखवली : पाहा, ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा? आयुष्यभर दोन्ही काठांना जोडणारा पूल बांधणाऱ्या माणसाला ह्या वेळी दोन्ही काठ सुटले. पराभवाचे एकच कारण सांगायचे झाले तर बर्नी ह्यांच्याआधी ह्या पत्रांचे नाव घ्यावे लागेल.

एकच कारण अर्थातच नव्हते. व्हिगांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार फ्रेलिंगहायझेन हे प्रॉटेस्टंट धर्मसंस्थांत गढलेले गृहस्थ. त्याच वर्षी मे आणि जुलै महिन्यांत फिलाडेल्फियात कॅथॉलिक आयरिशांविरुद्ध दंगली झाल्या, आणि परदेशी स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या गटांशी व्हिगांची सलगी होती. न्यूयॉर्कच्या आयरिश मतदारांनी त्याची नोंद घेतली. शिवाय डेमोक्रॅटांनी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी सायलस राइट ह्यांनाच उभे केले, त्यामुळे व्हॅन ब्यूरेन ह्यांचे रुसलेले अनुयायी घरी बसले नाहीत. लुइझियानात तर आगबोटी भरभरून मतदार न्यू ऑर्लिन्समधून प्लॅकमिन्स परगण्यात नेऊन डेमोक्रॅटांनी मतदान करवले. उलट पोक आपल्या टेनेसी राज्यात शंभराहून थोड्या अधिक मतांनी हरले.

व्हिगही धुतल्या तांदळासारखे नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात ‘रूअरबॅक’ नावाच्या प्रवाशाच्या ग्रंथातील म्हणून एक उतारा छापून आला : पोक ह्यांच्या ४३ गुलामांच्या अंगावर डाग देऊन त्यांची आद्याक्षरे उमटवलेली पाहिली. प्रवासीही खोटा, उताराही बनावट. पुढे निवडणुकीतील खोट्या वदंतेला अमेरिकी इंग्रजीत ‘रूअरबॅक’ असेच नाव पडले. गंमत अशी, की पोक खरोखरच गुलामांचे मालक होते, मिसिसिपीत त्यांचा मळा होता. त्यासाठी बनावट प्रवाशाची गरजच नव्हती. पण ते बोलून दाखवणे व्हिगांना अडचणीचे होते, कारण क्ले हेही गुलामांचे मालक होते.

आता ‘जर’कडे वळू. क्ले जिंकले आहेत असे समजा. पुढे काय?

प्रत्यक्षात असे घडले : पोक विजयी होताच टायलर ह्यांनी लोकांचा कौल विलीनीकरणाला आहे असे जाहीर केले. कराराला दोन तृतीयांश मते मिळत नाहीत म्हणून साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाची पळवाट काढली. २७ फेब्रुवारी १८४५ रोजी सिनेटमध्ये तो २७ विरुद्ध २५ असा मंजूर झाला. एकाच सभासदाने बाजू बदलली असती तर बरोबरी होऊन ठराव पडला असता. लोकांनी नुकतेच विलीनीकरणाच्या विरोधकाला निवडून दिले असताना ते दोन मतांचे आधिक्य टिकले असते, असे मानणे कठीण आहे. टेक्सास निदान चार वर्षे स्वतंत्र राहिला असता. १८४५ च्या वसंतात मेक्सिको, ब्रिटिशांच्या मध्यस्थीने, टेक्सासला मान्यता द्यायला तयारही झाला होता. अट एवढीच की त्याने अमेरिकेत विलीन होऊ नये.

पोक ह्यांनी सैन्य रिओ ग्रांदे नदीपर्यंत, वादग्रस्त पट्ट्यात नेले. एप्रिल १८४६ मध्ये चकमक उडाली, मे महिन्यात युद्ध पुकारले गेले. १८४८ च्या करारानुसार मेक्सिकोचा पाच लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश दीड कोटी डॉलरांना अमेरिकेकडे आला. करारावर सह्या होण्याच्या नऊ दिवस आधी कॅलिफोर्नियात सोने सापडले होते. सह्या करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्या युद्धाची भीती क्ले ह्यांनी पत्रात व्यक्त केली होती, त्यातच, ब्वेना व्हिस्ताच्या लढाईत, २३ फेब्रुवारी १८४७ रोजी त्यांचा मुलगा हेन्री मारला गेला.

नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी, ह्या प्रश्नाने मग देशाला सुखाने झोपू दिले नाही. १८४६ चा विल्मट ह्यांचा बंदीचा प्रस्ताव, १८५० ची तडजोड आणि पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, व्हिग पक्षाचा अंत, रिपब्लिकन पक्षाचा जन्म, १८६० ची निवडणूक, आणि यादवी युद्ध. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. ही साखळी पहिल्याच कडीत तुटली असती तर? गॅरी कॉर्नब्लिथ ह्या अमेरिकी इतिहासकाराने २००३ साली हाच युक्तिवाद सविस्तर मांडला : क्ले अध्यक्ष झाले असते तर मेक्सिकोचे युद्ध टळले असते, आणि त्याबरोबर यादवी युद्धही.

युक्तिवाद मोहक आहे, आणि त्याचा पहिला भाग बराचसा पटण्याजोगाही. दुसरा भाग पुष्कळ सैल आहे. क्ले ह्यांच्यानंतर १८४८ ची निवडणूक आली असती आणि डेमोक्रॅट टेक्सासचाच झेंडा घेऊन परतले असते. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचे तांडे वॉशिंग्टनच्या परवानगीसाठी थांबले नव्हते.

परंतु ह्या सगळ्या गणितातून एक वर्ग बाहेर राहतो. १८४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे २५ लाख गुलाम होते. १८६० मध्ये सुमारे ३९.५ लाख. युद्ध टळले असते तर ह्या लोकांचे काय झाले असते? यादवी युद्ध हे लाखोंचे मरण होते, तसेच ते चाळीस लाखांच्या सुटकेचे साधनही ठरले. ते नसते तर गुलामगिरी १८६५ मध्ये संपली असती असे कोणीही म्हणू शकत नाही. ब्राझीलमध्ये ती १८८८ पर्यंत चालली, आणि ब्राझीलच्या मळेवाल्यांपेक्षा अमेरिकेतील मळेवाले राजकारणात अधिक बलवान होते.

क्ले स्वतः काय करू पाहत होते, हे त्यांनी लिहूनच ठेवले आहे. गुलामगिरी वाईट आहे असे ते म्हणत. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. १८४९ मध्ये त्यांनी केंटकी राज्यासाठी योजना सुचवली : पुढे ठरवायच्या एका तारखेनंतर जन्मलेली मुले पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत, आणि नंतर त्यांना आफ्रिकेत धाडावे. आधी जन्मलेल्यांना त्यात काहीच नव्हते. एवढी सौम्य योजनाही केंटकीने मानली नाही.

त्यांच्या घरातील शार्लट ड्युपी ह्या गुलाम स्त्रीने १८२९ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यावर स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. ती हरली. क्ले ह्यांनी तिला आणि तिच्या मुलीला १८४० मध्ये मुक्त केले. तिच्या मुलाला, चार्ल्सला, १८४४ मध्ये.

आणि प्रचार ऐन भरात असताना, २८ सप्टेंबर १८४४ रोजी, क्ले ह्यांच्याच लेक्सिंग्टन गावातून लुइस हेडन हा गुलाम बायको हॅरिएट आणि मुलगा जोसेफ ह्यांच्यासह निसटला. कॅल्व्हिन फेअरबँक आणि डेलिया वेबस्टर ह्या दोघांनी भाड्याच्या बग्गीतून त्यांना ओहायो नदीपलीकडे पोहोचवले. फेअरबँक ह्यांना त्यासाठी १५ वर्षांची शिक्षा झाली. हेडन ह्यांची पहिली बायको आणि त्यांचा मुलगा दक्षिणेत विकले गेले होते, आणि विकणारे हेन्री क्ले होते, असा आरोप हेडन ह्यांनी पुढे जाहीरपणे केला. क्ले ह्यांनी तो नाकारला. हा माणूस बॉस्टनला स्थायिक झाला, आपल्या घरात पळालेल्या गुलामांना आसरा देत राहिला. हेडन ह्यांना कोणी सांगितले असते की क्ले जिंकले असते तर बरे झाले असते, तर त्यांनी काय उत्तर दिले असते, ह्याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

लिबर्टी पक्षाच्या मतदारांची भूमिका ह्या प्रकाशात पाहिली पाहिजे. बर्नी स्वतः केंटकीत जन्मलेले, एकेकाळी गुलाम बाळगणारे, आणि नंतर त्यांना मुक्त केलेले. पोक ह्यांच्यापेक्षा क्ले अधिक घातक, कारण ते अधिक समर्थ पुढारी आहेत, असे मत त्यांनी प्रचारकाळात मांडले. ते चुकीचे ठरले असे म्हणता येईल. मूर्खपणाचे म्हणता येणार नाही. दोन गुलाममालकांत निवड करायची असेल तर तिसऱ्याला मत देणे हा त्यांच्या लेखी हिशेबाचा नव्हे, सदसद्विवेकाचा प्रश्न होता.

लिंकन ह्यांना हे पटत नव्हते. १८४४ मध्ये ते क्ले ह्यांच्यासाठी इलिनॉयभर फिरले होते. ऑक्टोबर १८४५ मध्ये विल्यमसन ड्युर्ली ह्या लिबर्टी पक्षीयाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी विचारले : झाडाची पारख फळावरून करायची, तर क्ले ह्यांना निवडून दिल्याने गुलामगिरीचा विस्तार थांबला असता, मग ते मत पाप कसे? न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधी व्हिगांनी साथ दिली असती तर क्ले अध्यक्ष असते आणि टेक्सास आला नसता, हे त्यांनी त्याच पत्रात नोंदवले. धाग्याच्या आरंभी उल्लेखलेला वकील तो हाच.

न्यूयॉर्कच्या बाबतीत एक ‘जर’ मात्र सहसा कोणी विचारत नाही. १८२१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरांच्या मालमत्तेची अट घातली होती. गोऱ्या पुरुषांची मालमत्तेची अट लवकरच पुरती गेली, ही राहिली. ती घालण्यामागे व्हॅन ब्यूरेन ह्यांचा गट होता, आणि न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय मतदार त्या गटाच्या विरोधकांना मते देत, हे त्याचे एक कारण होते. १८४० मध्ये राज्यात सुमारे ५०,००० कृष्णवर्णीय राहत होते. त्यांच्यातील प्रौढ पुरुषांपुढे ती अट नसती तर ५,१०६ मतांचे काय झाले असते? बर्नी ह्यांच्या मतदारांना दोष देणाऱ्या बहुतेक लेखनात ह्या लोकांची साधी दखलही नसते.

महाराष्ट्राचा ह्या साखळीशी संबंध दुरून येतो, पण तो खरा आहे. यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो ओसरला आणि पेढ्या बुडाल्या. १८७३ मध्ये जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तो त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. क्ले ह्यांच्या योजनेनुसार केंटकीतील पहिली पिढी मुक्त व्हायला १८८० च्या आसपासचे साल उजाडले असते. दक्षिणेतील इतर राज्यांनी तर योजनेचे नावही काढले नव्हते.

क्ले १८५२ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात गुलामांच्या १ जानेवारी १८५० नंतर जन्मलेल्या मुलांना मुक्त करण्याची तरतूद होती : मुलगे २८ व्या वर्षी, मुली २५ व्या वर्षी. यादवी युद्धात त्यांचे दोन नातू, मेक्सिकोत मेलेल्या हेन्रीचे मुलगे, एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत होते. हेडन ह्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पलटणीसाठी माणसे भरती केली. त्यांचा मुलगा जोसेफ नौदलात असताना मरण पावला.

बर्नी ह्यांचे मुलगेही त्या युद्धात लढले. त्यांतील विल्यम हे कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीचे काम करीत होते. १८६३ च्या जुलैमध्ये ते बाल्टिमोरला, एकोणीस वर्षांपूर्वी क्ले आणि पोक दोघेही जेथे उमेदवार ठरले त्याच शहरात, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या कोंडवाड्यांपाशी गेले. कुलपे काढवून त्यांनी आतल्या माणसांना बाहेर आणले आणि जे धडधाकट पुरुष निघाले त्यांची नावे पलटणीच्या यादीत घातली.